डेट्रॉइट १९६७ मध्ये बुडाले नाही

अमेरिकेतले डेट्रॉइट शहर दंगलीने बुडवले, हे मत आता जवळपास सर्वमान्य झाले आहे. त्या पक्षाचे म्हणणे आधी नीट ऐकू. २३ जुलै १९६७ च्या पहाटे ट्वेल्फ्थ स्ट्रीटवरील विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर पोलिसांनी धाड घातली. तिथून भडकलेल्या दंगलीत ४३ माणसे मेली, दोन हजारांवर दुकाने लुटली वा जाळली गेली. मग गोरे उपनगरांत गेले, मागोमाग उद्योग गेले, शहर ओस पडले. घटना खऱ्या आहेत. १९६७ नंतर गोऱ्यांच्या स्थलांतराला जोर चढला, हेही खरे. पण कार्यकारण टिकत नाही.

जनगणनाच पाहा. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. पुढच्या दहा वर्षांत गोरे रहिवासी साडेतीन लाखांहून अधिक घटले. ही माणसे कोणत्या दंगलीला भिऊन गेली? पॅकार्डचा अवाढव्य मोटार कारखाना १९५६ मध्येच बंद पडला. १९४७ ते १९६३ या काळात शहराने कारखान्यांतले सुमारे १ लाख ३४ हजार रोजगार गमावले, असे इतिहासकार थॉमस सग्रू यांनी दाखवले आहे. कार्य आधी आणि कारण मागाहून, हे कोणता तर्क मान्य करील?

'तोवर शहरात सलोखा होता' हा दुसरा युक्तिवाद. मग १९४३ चे काय? त्या दंगलीतल्या ३४ मृतांपैकी २५ कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतले १७ पोलिसांच्या हातून मेले. एट माइल रोडजवळची भिंत तर आजही उभी आहे. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती, म्हणून गोऱ्यांसाठीच्या नव्या घरांना सरकारी कर्जहमी मिळेना. बिल्डरने १९४१ मध्ये दोन वस्त्यांमध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली. हमी मिळाली. सरकारच्या लेखी सलोख्याची व्याख्या एवढीच होती.

आणि ट्वेल्फ्थ स्ट्रीटच का पेटला? हेस्टिंग्ज स्ट्रीट ही कृष्णवर्णीयांची मुख्य पेठ: दुकाने, दवाखाने, जॅझचे अड्डे. महामार्गासाठी ती पाडली गेली. उठवलेली असंख्य कुटुंबे ट्वेल्फ्थ स्ट्रीटच्या परिसरात दाटीवाटीने राहू लागली. त्यांच्यावर पहारा होता तो जवळपास संपूर्ण गोऱ्या पोलीस दलाचा. जाळपोळीचे समर्थन मी करत नाही. पण शहराचा विध्वंस १९६७ पासून मोजणाऱ्यांनी वाचकांपुढे एवढे सांगावे: हेस्टिंग्ज स्ट्रीटवर बुलडोझर कोणत्या दंगलखोरांनी फिरवले?