एका पावतीचा पत्ता

आजीच्या ट्रंकेत एका जांभळ्या शालूच्या घडीत पावती सापडली. दुकानाचे नाव आणि तारीख कसरीने खाल्लेली, पत्ता मात्र शाबूत: ‘लक्ष्मी रस्ता, पुणे २’. पिनकोड १९७२ साली आला. पावती त्याआधीची असावी. पण पिनकोडनंतरही अनेक वर्षे पुणेकर ‘पुणे २’, ‘पुणे ३०’ असेच लिहीत होते, त्यामुळे तेवढ्यावरून काळ ठरत नाही. शालू कोणाच्या लग्नातला, हे आईला ठाऊक असणार. तिला विचारायचे राहून गेले.

या पावतीमुळे मी लक्ष्मी रस्त्याकडे साधन म्हणून पाहू लागलो. पेशव्यांनी कोणाला किती वस्त्रे दिली, हे दप्तरात सापडते. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. परंतु तीन पिढ्यांची लग्ने ज्या गाद्यांवर ठरली, त्या दुकानांच्या खतावण्या दुकान उठले की रद्दीत जातात. राज्यकर्त्यांचा बस्ता इतिहासात येतो, आपला येत नाही.

तरी रस्ता पुष्कळ काही नावांतून जपतो. हुजूरपागेत आज घोडे नाहीत, मुलींची शाळा आहे; पेशव्यांच्या पागेची आठवण शाळेच्या नावाने टिकली. पश्चिम टोकाच्या चौकाला लोकमान्यांचे नाव आहे, पण रिक्षावाल्याला ‘अलका टॉकीज’ सांगावे लागते. सरकारी नाव पाटीवर राहते, लोकांचे तोंडी.

कालगणनाही तोंडीच. दुकान कधीचे, असे जुन्या माणसाला विचारले की साल क्वचितच मिळते. ‘पुराआधीचे’ किंवा ‘पुरानंतरचे’ असे उत्तर येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. वाडे पडले, बिऱ्हाडे हलली. बाहेरच्या संशोधकाला ‘पुराआधी’ हा शब्द मोघम वाटेल. पुण्यात ती नेमकी तारीख आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये महापालिकेने पादचारी दिनासाठी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांना बंद ठेवला. अशा दिवशीच मान वर करून चालता येते. खाली चकचकीत पाट्या आणि काचा, वर कुठेकुठे लाकडी सज्जे, गजांच्या खिडक्या. खालचा मजला दर दहा वर्षांनी बदलतो, वरचा पडेपर्यंत तसाच राहतो. छायाचित्रे घ्यायची ती आधी वरच्या मजल्यांची.

पण सज्जा बोलत नाही. म्हणून एक सोपा उद्योग सुचवतो. एक चौक ते पुढचा चौक एवढाच तुकडा घ्यावा, वहीत दुकानांच्या चौकटी आखाव्यात आणि घरातल्या ऐंशीच्या माणसापुढे ठेवाव्यात. इथे आधी काय होते? तुम्ही इथेच का जात होता? उधारी मिळायची का? दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहावीत. जुन्या पावत्या, साड्यांची खोकी, पिशव्या फेकण्याआधी पत्ता उतरवून घ्यावा.

दिवाळीच्या साफसफाईत अशी एखादी पावती तुमच्याही हाती आली असेल. ती ओळखणारे माणूस घरात असेल तर आजच तिच्याजवळ बसा. माझ्याकडे शालू आहे, पत्ता आहे. नेसणारी कोण, एवढेच मला कळायचे नाही.