फ्रीडम हाउस : रुग्णवाहिकेतील शिक्षणाचा इतिहास

१९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात आजारी माणसाला पोलिसांच्या गाडीतून इस्पितळात नेत. पोलीस पुढे बसत, रुग्ण बहुधा मागे एकटाच. इतर अनेक गावांत शववाहिकाच रुग्णवाहिकेचे काम करी. १९६५ साली त्या देशात अपघातांनी सुमारे १ लाख ७ हजार माणसे दगावली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने या दुर्लक्षावर बोट ठेवले.

रुग्णवाहिकेतल्या माणसाला काय शिकवायचे, याचे उत्तर पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत मिळाले. १९६७ साली तिथे फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिचा अभ्यासक्रम आखला तो तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीवर मूलभूत काम केलेल्या डॉ. पीटर साफर यांनी. १९६६ साली त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती.

विद्यार्थी होते त्याच वस्तीतले बेरोजगार तरुण. काहींनी शाळाही पुरी केलेली नव्हती. त्यांच्यासाठी सुमारे ३०० तासांचे शिक्षण ठरले : शरीररचना, हृदय-श्वसन पुनरुज्जीवन, प्रगत प्रथमोपचार, गाडी चालवणे आणि इस्पितळातला प्रत्यक्ष सराव. या अभ्यासक्रमामागचा विश्वास मला सर्वांत मोलाचा वाटतो. जीव वाचवण्याचे कौशल्य पदवीआधीही देता येते, फक्त ते कसून शिकवावे लागते.

१९७४ साली डॉ. नॅन्सी कॅरोलाइन वैद्यकीय संचालक झाल्या. त्या स्वतः रुग्णवाहिकेतून फिरत आणि हाताळलेल्या प्रसंगांची कर्मचाऱ्यांबरोबर चिकित्सा करीत. देशभरच्या पॅरामेडिकांसाठीचा अभ्यासक्रम त्यांनी याच अनुभवाच्या पायावर रचला. १९७९ साली त्यांचे पाठ्यपुस्तकही आले.

पण १९७५ साली महापालिकेने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडले. त्यातल्या माणसांना नव्या सेवेत घेतले खरे, पण नव्या परीक्षा आणि नव्या अटी पुढे करून अनेकांना बाजूला सारले गेले. ज्यांच्या कामातून देशाचा मापदंड ठरला, त्यांनाच त्या मापाने अपुरे ठरवले. म्हणून या शिक्षणाचा इतिहास लिहिताना, माझ्या मते, काय शिकवले याइतकेच शिकलेल्यांना कामावर कोणी टिकू दिले, हेही नोंदवायला हवे.