प्रोसेसरचा वेग आणि सिम्युलेटरचं विमान

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात हा कॉम्प्युटर दुरुस्तीचा वर्ग कुठून आला? पण हा इतिहासच आहे, साधारण पंचेचाळीस वर्षांचा. आणि तो सातपूरच्या लोकांना चटकन कळेल, कारण त्याच्या मुळाशी एमआयडीसीत रोज विचारला जाणारा प्रश्न आहे: लाइन नेमकी कुठे अडते?

हा प्रश्न पैशाचाही आहे. वैमानिक व्हायचं स्वप्न असलेला मुलगा घरच्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर लावतो. ढगात विमान छान चालतं, आणि मुंबईच्या धावपट्टीवर उतरताना चित्र अडखळायला लागतं. मग दुकानात विचारणा होते, "सगळ्यात फास्ट प्रोसेसर कोणता?" वडिलांचा महिन्या-दोन महिन्यांचा पगार त्यात जातो, आणि विमान कधीकधी तरीही अडखळतंच. असं का होतं, ते आज बघू.

आधी सिम्युलेटर काय करतो ते पाहू. पडद्यावरच्या प्रत्येक चित्रासाठी तो विमानावरची हवा, इंजिन, कॉकपिटमधली उपकरणं, आजूबाजूची विमानं आणि खालची जमीन असा सगळा हिशोब करतो. त्यानंतरच ग्राफिक्स कार्डाला सांगतो, की आता हे रंगव. सेकंदाला 30 चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला साधारण 33 मिलिसेकंद मिळतात. 60 हवी असतील तर 17 सुद्धा नाहीत. हिशोब वेळेत झाला नाही, की ग्राफिक्स कार्ड कितीही महागडं असो, ते हातावर हात ठेवून बसतं. पुढच्या स्टेशनवर जॉबच आला नाही तर तिथला ऑपरेटर काय करणार?

आता मागे जाऊ. ब्रूस आर्टविक हा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा विद्यार्थी. 1970 च्या दशकाच्या मध्यात त्याने कॉम्प्युटरवर विमानातून दिसणारं दृश्य काढण्यावर प्रबंध लिहिला. पुढे त्याच्या सबलॉजिक कंपनीने ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी फ्लाइट सिम्युलेटर आणला. त्या प्रोसेसरचं घड्याळ होतं जेमतेम 1 मेगाहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके. 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएम पीसीसाठी त्याची आवृत्ती काढली. तिथे 8088 हा प्रोसेसर होता, 4.77 मेगाहर्ट्झचा. हा कार्यक्रम यंत्राचा इतका कस काढायचा, की दुसऱ्या कंपन्यांनी आयबीएमसारखे पीसी बनवले तेव्हा त्यावर लोटस 1-2-3 आणि फ्लाइट सिम्युलेटर चालतात का, हीच लोकांची चाचणी झाली. म्हणजे सिम्युलेटर पहिल्यापासूनच प्रोसेसरची परीक्षा घेत आलाय.

पुढची वीस वर्षं सोपी होती. 1989 मध्ये 486 आला, त्यात दशांशाचे हिशोब करणारा भाग चिपमध्येच बसवला होता. 1993 मध्ये पेंटियम आला. आपल्याकडे नोव्हेंबर 1984 च्या धोरणानंतर कॉम्प्युटरची आयात सैल झाली होती. नव्वदीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पीसी जोडणं गावोगावी सुरू झालं. विमान अडखळतंय? दोन वर्षं थांबा, नवी चिप घ्या. घड्याळ दुप्पट झालेलं असायचं, आणि तोच जुना कार्यक्रम काही न बदलता पळायला लागायचा.

ज्यांना थांबायचं नव्हतं, त्यांनी ओव्हरक्लॉकिंग सुरू केलं. त्यातलं गाजलेलं उदाहरण ऑगस्ट 1998 चं. इंटेलने सेलेरॉन 300ए ही स्वस्त चिप आणली. तिचा गुणक 4.5 वर पक्का केलेला. मदरबोर्डची बस 66 ची, म्हणून 4.5 गुणिले 66, झाले 300 मेगाहर्ट्झ. लोकांनी बस 100 वर नेली, आणि बऱ्याचशा चिप 450 वर बिनतक्रार चालल्या. त्याच दिवशी बाजारात आलेला पेंटियम टू 450 कितीतरी महाग होता.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, ती शेवटी लागणार आहे. या सेलेरॉनमध्ये कॅश मेमरी फक्त 128 किलोबाइट होती, पण ती चिपच्या आत, चिपच्याच पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची 512 किलोबाइट होती, पण बाहेर, अर्ध्या वेगाची. कॅश म्हणजे कारागिराच्या हाताशी ठेवलेला ट्रे, आणि रॅम म्हणजे शॉपच्या टोकाचं स्टोअर. छोटा ट्रे हाताशी असला, तर तो लांबच्या मोठ्या कपाटाला भारी पडू शकतो.

मग 2004 साल उजाडलं. पेंटियम 4 चं घड्याळ 3.8 गिगाहर्ट्झपर्यंत पोचलं आणि अडलं. चिपची वीज ही व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के वाढवायला व्होल्टेजही 10 टक्के वाढवावं लागलं, तर वीज, म्हणजेच उष्णता, सुमारे 33 टक्के वाढते. 4 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 ची घोषणा झालेली होती, ती मागे घेतली. आणि पेंटियम 4 च्या जागी जी पुढची चिप यायची होती, तीही मे 2004 मध्ये रद्द केली. तिचं नाव काय होतं माहितीये? तेजस!

हो, तेजसच. आपल्या लढाऊ विमानाला ते नाव 2003 मध्ये मिळालं होतं. आज ओझरला एचएएलमध्ये त्याच तेजसची लाइन उभी आहे, जिथे 1960 च्या दशकापासून मिग बनत आले. विमान तेजस उडालं, चिप तेजस मात्र स्वतःच्या तापानेच बसली.

त्यानंतर कंपन्यांनी वेगाऐवजी कोअर वाढवायला घेतले. एकाऐवजी दोन कारागीर, मग चार, मग आठ. आणि नेमक्या याच वळणावर, ऑक्टोबर 2006 मध्ये, फ्लाइट सिम्युलेटर एक्स आला. त्याची बांधणी जुन्या सवयीची, बहुतेक भार एकाच कोअरवर टाकणारी. जो दहा गिगाहर्ट्झचा प्रोसेसर त्याला लागला असता, तो जन्मालाच आला नाही. 2007 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये जमिनीची चित्रं चढवण्याचं काम इतर कोअरवर वाटलं गेलं, पण मुख्य साखळी एकेरीच राहिली.

जीन ॲमडाल यांनी 1967 मध्येच हे मांडलं होतं. कामाचा अर्धा भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही माणसं लावा, वेग दुपटीच्या वर जाणार नाही. फिटिंग झाल्याशिवाय पेंटिंग होत नाही, हे इथे कोणाला सांगायला नको. म्हणून सोळा कोअरचा महाग प्रोसेसर घेऊनही विमान अडखळतं.

2020 मध्ये नवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला. त्यात एक सोय आहे. डेव्हलपर मोड लावला, की पडदाच सांगतो, अडथळा 'मेनथ्रेड'चा आहे की 'जीपीयू'चा. दाट शहरावर बहुतेकांना मेनथ्रेड दिसायचा.

आणि एप्रिल 2022 मध्ये सेलेरॉनचा धडा पुन्हा गिरवला गेला. एएमडीने 5800एक्स3डी ही चिप आणली. तिचं घड्याळ आधीच्या 5800एक्सपेक्षा कमी, 4.7 च्या जागी 4.5. पण कॅश 32 च्या जागी 96 मेगाबाइट, चिपवर दुसरा मजला चढवून बसवलेली. सिम्युलेटरमध्ये हीच चिप पुढे गेली. कारण 5 गिगाहर्ट्झच्या चिपला रॅमकडून माहिती यायला 70-80 नॅनोसेकंद लागले, तर तिचे साडेतीनशे-चारशे ठोके फुकट जातात. विमान, जमीन, हवामान असा पसारा असलेल्या कामात हे सतत होतं. म्हणजे कारागीर हळू नव्हता, त्याच्या स्टोअरच्या खेपाच जास्त होत्या.

याच्या उलटं उदाहरण 2024 चं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही वेगवान चिप जास्त व्होल्टेजमुळे कालांतराने अस्थिर होत होत्या. कंपनीने ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. शेवटचे दोन-चार टक्के ओढायची किंमत ही अशी असते.

मग आपण काय करायचं? आधी मोजा. जीपीयू अडत असेल तर प्रोसेसर बदलून काही होणार नाही. मेनथ्रेड अडत असेल तर आधी फुकटचे उपाय करा. जमिनीच्या तपशिलाचा आणि विमानतळावरच्या वर्दळीचा स्लायडर खाली आणा. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी लावलंय का बघा. 3200 लिहिलेली रॅम अनेकांकडे वर्षानुवर्षं 2133 वर चाललेली असते. पंख्यातली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. आजच्या चिप थंड राहिल्या की स्वतःच वेग वाढवतात. म्हणून हल्ली व्होल्टेज थोडं उतरवणं, हेच शहाणं ट्यूनिंग ठरतं. त्याची चाचणी मात्र नाशिकच्या डिसेंबरात नको, मे महिन्यात घ्या, आणि तीन तासांच्या पूर्ण उड्डाणावर घ्या. पाच मिनिटं तर काहीही टिकतं.

एवढं करून भागलं नाही तरच खरेदी. तीही आधी आपल्या मदरबोर्डवर काय बसतं ते पाहून. एएम4 चे अनेक जुने बोर्ड बायोस अपडेट करून 5800एक्स3डी घेतात. अशा घरात बोर्ड आणि रॅमचा खर्च वाचतो.

पंचेचाळीस वर्षांत अडथळ्याची जागा बदलत गेली. आधी तो घड्याळात होता, मग उष्णतेत, मग एकेरी साखळीत, आता मेमरीच्या अंतरात. दुकानातली पाटी मात्र अजून गिगाहर्ट्झच सांगते. तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या मुलाने नवा प्रोसेसर मागितला, तर नाही म्हणू नका. त्याला एवढंच विचारा, "लाइन कुठे अडतेय, ते मोजलंस का?" वैमानिक व्हायचं असेल, तर निर्णयाआधी मीटर वाचायची सवय त्याला लागणारच आहे.

आता प्रश्न घेऊ.