लिंबूटिंबूची शाळा

झेल घ्यायला मला कुणी शिकवलं नाही. आमच्या आळीत मी लिंबूटिंबू होते, तेवढं पुरलं. ज्यांना हा हुद्दा माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. चार-पाच वर्षांचं पोर मोठ्यांच्या खेळात लुडबुडू लागलं की त्याला हाकलायचं नाही, डावात घ्यायचं. मात्र ते बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याच्या हातून चेंडू सुटला तरी कुणी खेकसत नाही. पुढे शिक्षिका झाले, पहिलीच्या मुलांना फेकणं-झेलणं शिकवायची वेळ आली, तेव्हा या रिवाजाची किंमत कळली.

हे खेळ जुने आहेत. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू आणि चेंडूफळीवर अभंग आहेत. म्हणजे सतराव्या शतकातल्या श्रोत्यांना ते समजावून सांगावे लागत नव्हते. १९०५ साली अनंत बाबाजी देवधरांचं ‘मराठी खेळांचे पुस्तक’ निघालं. १९३६ पासून बडोद्यात करंदीकर-मुजुमदारांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड निघाले. पण मैदानातली चढण पुस्तकाविनाच ठरलेली होती.

सुरुवात लगोरीची. सात ठिकऱ्या, आणि चिंध्या सुतळीने आवळून केलेला चेंडू. लिंबूटिंबूचं काम गटाराकडे घरंगळलेला चेंडू आणून देण्याचं. आधी तो हातात नेऊन द्यायचा, मग लांबून टाकायचा. आमच्याकडे एक टप्पा पडून घेतलेला झेलही धरत, त्यामुळे चेंडूचा अंदाज यायला लहानांना उसंत मिळे. मग आबाधोबी: पळत्या पाठीवर नेम. चिंध्यांचा चेंडू पाठीत बसला तरी फारसा लागत नसे, म्हणून भीती मोडे. विटीदांडू सगळ्यांत शेवटी. दोन्हीकडून निमुळती विटी हवेत गिरक्या घेत वेडीवाकडी येते. डोळ्याला लागेल म्हणून लहानांना त्यात घेतच नसत.

पावसाळ्यात हाच धडा घरात चाले, सागरगोट्यांनी. काटेरी वेलीच्या या राखाडी, टणक बिया बाळंतिणीच्या औषधातही असत. आजीच्या डब्यातून त्या आमच्या ओटीत येत. एक वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचा एक उचलायचा आणि त्याच हाताने उडवलेला झेलायचा. मग दोन-दोन उचलायचे, मग तीन. नवखी मुलगी सागरगोटा पार तुळईपर्यंत उडवते आणि तो भलतीकडे पडतो. हळूहळू तिला उमगतं, की झेल सोपा की अवघड हे आपल्याच फेकण्यावर ठरतं. मुलगे या खेळाला बायकी म्हणून हसत; पण नजर वर आणि बोटं जमिनीवर ठेवून झेलणाऱ्या मुलींचे हात त्यांच्यापेक्षा तयार असत.

शाळेने वयाप्रमाणे वर्ग पाडले आणि लिंबूटिंबू संपलं. पहिलीच्या वर्गात सगळेच कच्चे; समोर एक चेंडू आणि लांबलचक रांग. ज्याच्याकडून सुटतो त्याचं हसं होतं आणि तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. म्हणजे ज्याला सरावाची गरज जास्त, त्याच्या हाती चेंडू कमी.

याला उलटं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं आणि ताराबाई व अनुताई वाघांनी तिथे आदिवासी मुलांसाठी काम केलं. धाकट्या भावंडांना सांभाळायचं असल्यामुळे थोरल्या मुली शाळेत येईनात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी एकत्र ‘विकासवाडी’ उभी राहिली. हेतू खेळाचा नव्हता, पण आळीतली वयांची सरमिसळ तिथे शाळेच्या आवारात आली.

मी माझ्या शाळेत एवढंच केलं, की पहिलीच्या खेळाच्या तासाला चौथीची मुलं बोलावली. मोठा-धाकटा अशा जोड्या लावल्या. नियम एकच: चौथीवाल्याकडून चेंडू सुटला तर जोडी बाद, पहिलीवाल्याकडून सुटला तर चालेल. दांडगट पोरंही खालून, अलगद, छातीच्या उंचीवर चेंडू टाकू लागली. कारण धाकट्याला नीट झेलता आला, तरच तो नीट परत येणार होता. रंगीत चेंडू आणि प्लास्टिकच्या कड्या मागवणाऱ्या मुख्याध्यापकांना माझं सांगणं असतं, की आधी वेळापत्रक बदला. त्याला पैसे लागत नाहीत.