भूमातेची सुट्टी

नवरात्रात लासूर गावच्या दाक्षायणीला लोटणारी गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे. परंतु देवळातल्या देवीइतकेच आमचे लक्ष घरोघरच्या घटाकडे जाते. पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरायची, तीत धान्य पेरायचे, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा आणि नऊ दिवस अंकुरांची वाट पाहायची. येथे मूर्ती नसली तरी चालते. माती हेच देवीचे उदर, असे ही पूजा सांगते.

ही समजूत फार जुनी आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुणे जिल्ह्यात इनामगावचे उत्खनन केले. तेथे सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी निघाली. आत कच्च्या मातीची एक स्त्रीमूर्ती होती, आणि झाकणावर दुसरी, मस्तक नसलेली, सोबत बैल. पुढे सातवाहनांच्या काळात भरभराटीस आलेल्या धाराशिवकडील तेर येथेही बिनमस्तकाची, प्रसूतीच्या आसनातली देवी सापडते. तीच लज्जागौरी. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’ ग्रंथात तिचा माग घट, कमळ आणि वारूळ यांपर्यंत नेला आहे. तिला कूस आहे, तोंड नाही. ही सोय कोणाच्या पथ्यावर पडली, असा प्रश्न आम्हा संघटनेच्या माणसांच्या मनात येतोच. पण ते असो.

रोमन लोक १५ एप्रिलला टेलस या भूदेवीला गाभण गाय बळी देत. पेरू-बोलिव्हियाचे शेतकरी पाचामामेला आजही मक्याची दारू आणि कोकाची पाने अर्पण करतात. म्हणजे मातेकडून घ्यायचे तर तिला काही द्यावे लागते, हे सर्वत्र मान्य आहे. ओडिशाच्या शेतकऱ्याने मात्र तिला विश्रांतीच दिली. जूनच्या मध्यावर येणाऱ्या रजपर्वात तीन दिवस पृथ्वी रजस्वला मानतात. त्या दिवसांत नांगर चालत नाही, जमीन खणत नाहीत. बायकाही नेहमीची कामे टाकून झोपाळ्यावर बसतात. चौथ्या दिवशी भूदेवीला स्नान घालतात. आपल्याकडे नागपंचमीला नांगर धरीत नाहीत, तो नागोबाचा मान म्हणून. पण वारूळ हीही धरणीची कूसच आहे, हे ढेऱ्यांचे म्हणणे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही चाली फार दूरच्या वाटत नाहीत.

जमिनीला पाळी मानून सुट्टी देणारा हा देश आहे. आता आपल्याच मराठवाड्याकडे पाहू. दसऱ्याला घट उठतात, आणि त्यानंतर काही दिवसांतच बीडकडचे ऊसतोड मजूर ट्रक भरून कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, मग तो पाळीमुळे पडलेला का असेना. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच गेली म्हणजे खाडाही गेला, हा हिशेब त्यामागे होता.

ओडिशा सरकारने २०२४ साली नोकरदार स्त्रियांसाठी पाळीची एक दिवसाची रजा जाहीर केली. कोयत्यावरची बाई कोणाच्या हजेरीपटावर आहे, कारखान्याच्या की मुकादमाच्या, हे आधी ठरले पाहिजे. रजा मागायची ती कोणाकडे?