ओल्या भिंतीपाशी अर्धा दिवस

डोळे उघडे असोत की मिटलेले, आधी नाकालाच कळेल. दीडशे-दोनशे वर्षं मागे, पेडण्याकडच्या एका देवळाच्या आवारात तुम्ही येऊन पडलात आणि समोरून भपकारा आला. गोडसर, आंबूस, ताडीच्या मडक्यासारखा. मांडवाखाली पांढरा ढीग आहे. शिंपल्यांचा चुना, धुतलेली वाळू आणि गूळ कालवून पंधरा दिवस मुरत टाकलेला. गावातल्या मुंगळ्यांना ही बातमी तुमच्याआधीच लागलीये.

मागच्या बाजूला जाऊ नका. बरं, गेलात. तिथे खड्ड्यात भाजलेले शिंपले टाकून पाणी ओततायत. चर्र, फस्स, आणि वाफेचा लोट तोंडावर. गावभर तिसऱ्या खाऊन उरलेली कवचंही यात असणार. आमटीतून निघून भट्टीत, भट्टीतून भिंतीवर. एक शिंतोडा मनगटावर पडला, की "आई गं" कुठल्याही शतकात एकसारखंच निघतं.

हातात मुसळ येतं. इथे नुसतं बघायला कोणी बोलावत नाही. चौघं गोल उभे राहून तो मुरलेला गोळा कुटतायत, धप, धप, आणि तुमचा धप दरवेळी अर्धा क्षण उशिरा पडतो. पोरं हसतात. घाम डोळ्यात जातो, पुसायला हात न्यावा तर हाताला चुना. मेणासारखा मऊ होईपर्यंत सुटका नाही.

मग इतके दिवस रेंगाळलेलं काम एकदम घाईला येतं. भिंत पाण्यानं भिजवतात, गिलावा चढतो, थापीनं घोटला जातो आणि तो ओला असतानाच त्यावर काव पसरते. जांभ्याच्या मातीचा रंग. कारागीर तिला हुरमुंजी म्हणतात. दूर आखातातल्या होर्मुझवरून हे नाव इथवर आलं. बघता बघता भिंत लालभडक.

आता मेस्त, म्हणजे मुख्य कारागीर, पुढे येतो. सूत मारतो, परकार फिरवतो, पोलादी काटा उचलतो. तुम्हाला वाटतं, रंगवणार. पण तो खरवडतो! लाल निघतं, खालचं पांढरं डोकावतं. जे हवं ते ठेवायचं, नको ते काढायचं, म्हणजे मोर दिसण्याआधी मोराभोवतीची हवाच कोरून काढायची. कर्र कर्र आवाज, पायाशी लाल चुरा, दारातून येणारी उन्हाची झळ. ऊन भिंतीला लागू नये म्हणून कोणी झापाचा आडोसा धरतो, कोणी पाणी शिंपडतो. वाळली की संपलं. पुढे चुना हवेशी हात मिळवून दगड होतो. म्हणून तर त्या मुलुखातल्या धो धो पावसाला ही नक्षी पुरून उरते. तिला मारायला पाऊस पुरला नाही, पुढे जीर्णोद्धारातल्या तैलरंगाच्या डब्याला ते जमलं. मोरजीच्या श्रीमोरजाई देवळात उरलेली कावी, म्हणजे हीच कावेची नक्षी, बघितलीत, तर काय काय पुसलं गेलं असेल याचा अंदाज येईल.

"घे," मेस्त काटा तुमच्या हातात देतो. पिसाऱ्याचं एक टोक. सोपं. तुमचा हात घसरतो आणि पिसाऱ्यातून पांढरी रेघ थेट आकाशात जाते. मांडवात शांतता. इथे खोडरबर नाही, पुसायला दुसरा रंगही नाही. मेस्त मान तिरकी करून बघतो, काटा काढून घेतो, दोन हलके वळसे देतो, आणि त्या रेघेची वेल होते. वेलीला पान. पानाला शिर. तुमच्याकडे तो बघतसुद्धा नाही, आणि हेच जास्त झोंबतं.

दिवे लागणीला तळव्यांची साल निघालेली असते. कोणीतरी खोबरेल चोळायला देतं. मेस्त भिंतीला टेकून पानाची पिशवी उघडतो, एक पान तुमच्यापुढे धरतो आणि विचारतो, "चुना लावू?"

तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेता.