विषाणूच्या प्रथिनाचा पुण्यात मांडलेला हिशेब

पेण-अलिबागकडच्या आपल्या भातखाचरांत पावसाळ्यात पाणी साठतं, डास वाढतात, बगळे उतरतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू भातशेतीत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांतून पसरतो. बगळे आणि डुकरं यांच्यात तो वाढतो. या विषाणूच्या एका प्रथिनाचा अभ्यास घाटापलीकडे, पुणे विद्यापीठात झाला. आज तोच इतिहास पाहू.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात स्वतंत्रपणे घडी पडणारे भाग असतात, त्यांना डोमेन म्हणतात. कोणता डोमेन काय करतो आणि ते काम पेशीतल्या कोणत्या घटनाक्रमात बसतं, हा आपला प्रश्न.

१९९० साली अशोक कोळस्कर आणि टोणगावकर यांनी एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. प्रतिपिंडं प्रथिनावर कुठे चिकटतात, हे काही प्रथिनांबाबत प्रयोगांतून ठाऊक होतं. त्या जागांत कोणतं आम्ल किती वेळा येतं, ते त्यांनी मोजलं. सिस्टीन, ल्युसीन, व्हॅलीन पृष्ठभागावर असतील तर ती अशा जागेत सापडण्याची शक्यता जास्त, असं दिसलं. मग प्रत्येक आम्लाला आकडा देऊन नव्या साखळीचा हिशेब करायचा. अचूकता सुमारे ७५ टक्के.

पण प्रतिपिंड साखळी ओळीने वाचत नाही. घडीमुळे दूरचे तुकडेही शेजारी येतात. १९९५ मध्ये गोचिडीतून पसरणाऱ्या एका नातेवाईक विषाणूच्या आवरण-प्रथिनाची रचना प्रयोगाने कळली. तिचा आधार घेऊन १९९९ मध्ये कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या प्रथिनाची त्रिमितीय रचना संगणकावर बांधली आणि प्रतिपिंडांच्या जागा तिच्यावर दाखवल्या.

या प्रथिनात तीन डोमेन आहेत. तिसरा पेशीला चिकटण्याशी जोडला जातो. दुसऱ्याच्या टोकाशी पटलं एकत्र करणारा फास असतो. विषाणू पेशीत ओढला गेला आणि भोवती आम्लता वाढली, की तो उघडा पडतो. म्हणजे डोमेन कळला की शिरकावाची पायरी कळते, आणि लस किंवा औषधाने कुठे अडवायचं याचा अंदाज येतो.

प्रत्यक्ष स्फटिकरचना आली २०१२ मध्ये. आज पीफॅम, केग अशा संग्रहांतून डोमेन आणि घटनाक्रमांची माहिती क्षणात मिळते. तरीही ७५ टक्के म्हणजे चारातला एक अंदाज चुकणार, हे आपण विसरू नये. जुळणी पडद्यावर दिसली की पहिला प्रश्न हाच विचारू या: यामागे प्रयोग कोणता?